मिठाच्या आधी 'द'

३ नोव्हेंबर

रीता लेखी परीक्षा पास झाली. कशीबशी झाली, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण घरात सकाळपासून दिवाळी पुन्हा आल्यासारखं चाललं आहे. पवनीच्या ज्या खाजगी दवाखान्यात ती नर्स आहे, तिथल्या मोठ्या सिस्टर विमलाबाईंनी थेट आईला फोन केला. "बेबीबाई, तुमची सून विलायतेले जाते आता!" तेव्हापासून आई मला विचारते, "भोज्या, तिकडं तांदूळ भेटते का रे?"

अजून जायचं काय ठरलं आहे? मुलाखत उरली आहे. मोबाईलवर होणार. तिकडची एक गोरी बाई समोर दिसणार आणि इंग्रजीत प्रश्न विचारणार. काम म्हणजे इंग्लंडातल्या वृद्धाश्रमात डोकं चळलेले म्हातारे सांभाळायचे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे रीताला जायला अडचण नाही, असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात. मला अडचण आहे का, हे कोणी विचारत नाही.

मी इंग्रजीचा मास्तर आहे. अर्धं अड्याळ गाव माझ्या हाताखालून गेलं. आणि माझ्याच घरात माझीच बायको म्हणते, "आय अ‍ॅम नर्स." अरे, आर्टिकल कुठे गेलं? अ नर्स! अ! ती गोरी बाई हसेल आणि विचारेल की तुझा नवरा काय करतो. त्यावर ही काय सांगणार? इंग्रजी शिकवतो म्हणून? मी ठरवलं. उद्यापासून रीताची आर्टिकल्स मी स्वतः घेणार.

५ नोव्हेंबर

पहिला धडा झाला. उपपदं तीन. अ, अ‍ॅन, द. मराठीत ही भानगड नाही, म्हणून आपल्या माणसाच्या जिभेला ती सापडत नाही. एखादा माणूस, एखादी वस्तू पहिल्यांदा सांगायची तर 'अ', म्हणजे कोणीतरी एक, ऐकणाऱ्याला त्याची ओळख नाही. तोच परत आला की 'द', कारण आता ओळख झाली. देअर वॉज अ किंग. द किंग हॅड अ डॉटर. संपलं. यात न कळण्यासारखं काय आहे?

मग माझा ठेवणीतला विनोद सांगितला, जो मी दरवर्षी नववीला सांगतो. बाई म्हणते, 'हे अजून आले नाहीत.' गावात एवढे पुरुष असतात, पण 'हे' म्हटलं की शेजारणीला बरोबर कळतं. 'हे' म्हणजे 'द'. आणि 'कोणीतरी येऊन गेलं' म्हटलं की तो 'अ'. नववीची पोरं दरवर्षी बाकं बडवतात. रीता हसली नाही. म्हणाली, "मी तुमाले 'हे' म्हनतो. तुमी मले नुसतं 'आयक वं' म्हनता. ते कोनतं आर्टिकल होय?"

विषय सोडून बोलण्याची हिला फार सवय आहे.

९ नोव्हेंबर

शिकवून काही होत नाही, जिभेला वळण लावावं लागतं. म्हणून जेवताना फक्त इंग्रजी, असा नियम केला. आज वांग्याची भाजी होती. रीता म्हणाली, "पास सॉल्ट." मी मिठाची बरणी माझ्याकडे ओढून घेतली आणि म्हटलं, कोणतं सॉल्ट? समुद्रातलं? दुकानातलं? आपल्या दोघांना ठाऊक असलेलं, या पाटावरचं सॉल्ट! द सॉल्ट! तिने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "राहू द्या." आणि तसंच जेवली. अळणी.

राग येतो तो याचाच. एक अक्षर बोलायचं होतं. एक! ड्यूटीवर परक्यांची घाण काढते, तिथे हिचा मान जात नाही, आणि नवऱ्यासमोर 'द' म्हणायला जातो.

१२ नोव्हेंबर

आईला नियम समजावून सांगितला. म्हटलं, तुला इंग्रजी यायची गरज नाही, रीताने काही मागितलं आणि आधी 'द' ऐकू आलं नाही तर द्यायचं नाही. आईला फार आवडलं. इतक्या वर्षांत सुनेवर असा हुकमी पत्ता तिच्या हाती कधी आला नव्हता. बरणी आता मांडीजवळ घेऊन बसते. मराठीत मागितलं तरी अडवते.

"माय, पानी द्या."

"द म्हन."

"'द्या' म्हनलं ना! त्यात 'द' हाये."

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. शिस्त म्हणजे शिस्त. आई मात्र पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. पाठ रीताने चोळून दिली.

१८ नोव्हेंबर

धानाची कापणी संपत आली, त्यामुळे ट्यूशनची पोरं परत यायला लागली. संध्याकाळी ओसरी भरते. आज एक नवीन गोष्ट केली आणि ती फार चांगली जमली.

रीता एसटीतून उतरून घरी आली तशी तिला फळ्यासमोर उभं केलं. पोरांना सांगितलं, मॅडम त्यांच्या वॉर्डाबद्दल इंग्रजीत बोलतील, जिथे आर्टिकल सुटेल तिथे सगळ्यांनी ओरडायचं. ती म्हणाली, "चपला तं काढू द्या." मी म्हटलं, मुलाखतीत चपला विचारणार नाहीत. ती उभी राहिली. "आय वर्क इन हॉस्पिटल." "अ!" पोरं ओरडली. "डॉक्टर कम्स इन मॉर्निंग." "द! द!" अंकुश म्हणून सातवीतला एक आहे, एरवी त्याला पाढे येत नाहीत, पण आज त्याच्या उत्साहाला सीमा नव्हती. ती वाक्य सुरू करायच्या आधीच ओरडायचा. रुचिता तेवढी गप्प बसली होती. ती नववीतली, सगळ्यांत हुशार आहे. मी विचारलं तर म्हणाली, "सर, मॅडम थकल्या हायेत."

रुचितालाही उभं केलं. शिकवताना दयामाया करून चालत नाही.

२१ नोव्हेंबर

रीताची तक्रार आली. स्टँडवर पोट्टे तिला बघून "द! द!" ओरडतात म्हणे. आज पानठेल्यावरच्या मोठ्या माणसांनीही ओरडून पाहिलं. एसटीत बसल्यावर बाहेरून कोणीतरी खिडकीवर थाप मारली आणि "द" म्हटलं. तिला वाटत होतं मी जाऊन पोरांना झापावं.

मी म्हटलं, बरंच आहे की. फुकटचा सराव होतो.

ती म्हणाली, "तुमाले खरंच वाट्टे का मी पास व्हावं?"

हा काय प्रश्न झाला? रोज घसा फोडतो तो कोणासाठी? मी रागाने उठून बाहेर गेलो. बाहेर गेल्यावर वाटलं, उत्तर देऊनच यायला हवं होतं. पण काय उत्तर द्यायचं ते रस्त्यात सुचलं नाही.

२८ नोव्हेंबर

शाळेत ड्रॉइंगच्या सचिनने स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काय गा सर, वहिनी लंडनले आन् तुमी अड्याळले. मंग भात कोन शिजवन?" सगळे खिदळले. हेडसर चष्मा पुसत म्हणाले, "सरांनाही घेऊन जातील हो. तिकडं म्हातारेच ठेवतात ना?"

मी हसलो. हसावं लागतं. पण दुपारी आठवीच्या वर्गात 'अ‍ॅन अंब्रेला' ऐवजी 'अ अंब्रेला' म्हणणाऱ्या पोराच्या पाठीत असा धपाटा घातला की माझाच हात झणझणला.

संध्याकाळी रीताला बसवलं. आय वॉन्ट टु गो टु यूके, म्हणाली. द यूके! इंग्लंडला 'द' नाही, यूकेला आहे. तिला म्हटलं, जिथे जायचं त्याचं नाव नीट घेता येत नाही, तिथे जाऊन काय करणार आहेस? मग एका पायावर उभं राहून वाक्य म्हणायला लावलं. लहान पोरांना लावतो तसंच. यात वेगळं काही नाही. ती पडली नाही. एकदा भिंतीला हात लावला, तेव्हा मी परत पहिल्यापासून म्हणायला लावलं.

४ डिसेंबर

आज लाखोरीच्या डाळीत मीठच नव्हतं. माझ्या नाही, आईच्या नाही, कोणाच्याच नाही. आई कडाडली. "सुनबाई, तोंडात जीभ हाये का कातडं?"

रीता म्हणाली, "इसरली. मले सवय झाली ना बिना मिठाची."

हे ती मुद्दाम करते का, मला कळत नाही. चेहऱ्यावर काही दिसत नाही. पूर्वी रडायची तरी. रडली की मी थांबायचो, हेही लिहून ठेवतो. आता थांबावं असं काही घडत नाही.

१५ डिसेंबर

मी फार कडक वागतो का? आज स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. माझे बाबा मला बैलांच्या दाव्याने मारायचे आणि मी मास्तर झालो. रीताला मी बोटही लावलेलं नाही. नुसतं व्याकरण सांगितलं. व्याकरणाने कोणी मरत नाही. जायचं तर जाऊ दे, मी कुठे अडवलं? फक्त चुका घेऊन जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. आणि चुका संपल्याशिवाय जाऊ नये, हे त्यात आलंच.

तिच्या चुका कमी झाल्या आहेत. खरं सांगायचं तर जेवताना आता सापडतच नाहीत. मला वाटलं होतं आनंद होईल.

२३ डिसेंबर

आज मुलाखत होती. झाली. म्हणजे बिघडली. सविस्तर लिहितो, उद्या माझ्यावर ढकलतील म्हणून.

रीता आतल्या खोलीत बसली होती. मोबाईल तांदळाच्या कोठीवर टेकवला होता. पांढरा गणवेश, केस चापूनचोपून बांधलेले. मला म्हणाली, "तुमी बाहीर बसा." मी बाहेरच होतो. दाराच्या मागे म्हणजे बाहेरच.

सुरुवात ठीक झाली. माझ्या शिकवण्याचा परिणाम दिसत होता. मग त्या बाईने विचारलं, एखादा म्हातारा चिडला, ओरडायला लागला, तर काय कराल? रीता म्हणाली, "आय विल सिट निअर पेशंट. आय विल होल्ड हँड ऑफ पेशंट."

दोन वाक्यं आणि तीन आर्टिकल्स गायब! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिना-दीड महिना जीव काढला, तो यासाठी? मी आधी हळूच म्हटलं, "द पेशंट." तिने ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. मग मला कळलंच नाही, मी दार ढकलून आत गेलो होतो आणि ओरडत होतो, "द हँड! द हँड ऑफ द पेशंट! द! द! द!" कोठीवर हात आपटत होतो. मोबाईल आडवा पडला.

रीता उठली. घाबरली नाही, हे मला विचित्र वाटलं. तिने आधी मोबाईल उभा केला, त्या बाईला म्हणाली, "एक्स्क्यूज मी, प्लीज." मग माझ्या कोपराला धरलं, अगदी हलक्या हाताने, आणि हळू आवाजात म्हणाली, "चला. बसा इथं. काई नाई झालं." मला बाहेरच्या खाटेवर बसवलं. पाण्याचा ग्लास हातात दिला आणि मी दोन घोट घेईपर्यंत समोर उभी राहिली. पाठीवर हात ठेवला होता तिने. किती दिवसांनी. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. लवकरच आटोपलं. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली बाई? रीता म्हणाली, "कळवतो म्हनाली."

कळवतो म्हणजे नाही. एवढं इंग्रजी मला येतं. वाईट वाटलं. खूप वाटायला हवं होतं, तितकं वाटलं नाही. संध्याकाळी आईला म्हटलं, आज काहीतरी गोड कर.

३० डिसेंबर

रीता कामापुरतं बोलते. ड्यूटीला जाते, येते, स्वयंपाक करते. मी तिला समजावलं, हे बघ, तुझ्या नशिबात नव्हतं, पुढच्या वर्षी पुन्हा बघू, तोवर आर्टिकल्स पक्की करू. ती "हो" म्हणाली.

सचिनने आज काही विचारलं नाही. मीच होऊन सांगितलं की बहुतेक जमणार नाही. सांगताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. हे कुठे बोलण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

९ जानेवारी

रीताची निवड झाली.

विमलाबाई स्वतः पवनीहून आल्या, हार घेऊन. ओसरीतूनच ओरडल्या, "रीता वं! झालं तुयं!" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. विचारलं, मुलाखत तर बिघडली होती ना? विमलाबाई म्हणाल्या, "बिघडली काहून म्हनता, सर? त्या बाईले रीताची शांती लई आवडली म्हने. अशीच पोरगी पायजे म्हने आमाले." आणि रीताकडे बघून हसायला लागल्या. रीता हसली नाही, पण तिने खाली बघितलं.

शांती. म्हणजे शिस्तच ती. एका पायावर उभं राहून वाक्य म्हणणाऱ्या माणसाला कोणती गोरी बाई घाबरवणार? मी हे सगळ्यांना सांगितलं. सांगता सांगता मलाच पटत गेलं. जायची आहेच तर निदान कोणी घडवली ते लोकांना कळू दे.

आई रडली. रीता गेली तर बरणी कोणासमोर धरणार, असं मनात आलं, पण बोललो नाही.

१९ जानेवारी

आज ओसरीत सत्कार ठेवला होता. माझ्याच खर्चाने, चहा-चिवडा. रीताचा सत्कार, आणि ओघाने माझा. हेडसर आले, सचिन आला, विमलाबाई आल्या, ट्यूशनची पोरं आणि त्यांचे मायबाप. हेडसर माझ्याबद्दल दोन शब्द बरे बोलले. मग मी रीताला म्हटलं, आता तू चार वाक्यं इंग्रजीत बोल. तुला इथपर्यंत कोणी आणलं ते सांग. आणि पोरांनो, कान उघडे ठेवा, आर्टिकल सुटलं की ओरडायचं!

अंकुश तर उकिडवाच बसला, उडी मारायच्या तयारीत.

रीता उठली. चपला काढल्या. सावकाश बोलली, एकेक शब्द वेगळा.

"आय वॉन्ट टु टेल अ स्टोरी." मी मान डोलावली. "ऑन द डे ऑफ द इंटरव्ह्यू, अ मॅन शाउटेड बिहाइंड द डोअर." सुंदर. अ मॅन, पहिल्यांदा आला म्हणून 'अ'. "द लेडी आस्क्ड मी, हू इज द मॅन?" दुसऱ्यांदा आला म्हणून 'द'. मी बोटांवर मोजत होतो. "आय सेड, ही इज अ पेशंट. आय हॅव लुक्ड आफ्टर द पेशंट फॉर सिक्स इयर्स. द लेडी सेड, देन यू हॅव द जॉब. थँक यू."

पहिली टाळी मी वाजवली. सगळ्यांच्या आधी. मोठ्याने. एकही आर्टिकल सुटलं नव्हतं, आणि माझं लक्ष तिथेच होतं. टाळी वाजवत असतानाच माझ्या लक्षात आलं की दुसरं कोणी वाजवत नाही. विमलाबाईंनी पदर तोंडात धरला होता. हेडसर कपातल्या चहात बघत होते, मुलाखतीत काय घडलं होतं हे त्यांना काय ठाऊक, पण आमच्या लग्नाला किती वर्षं झाली हे ठाऊक होतं. सचिन सरळ माझ्याकडे बघत होता. अंकुशने रुचिताला विचारलं, "काय म्हनली? काय म्हनली?" रुचिताने त्याच्या कानात सांगितलं. अंकुशने बाजूच्याला सांगितलं. ओसरीभर ते गेलं. मग पोरं हसायला लागली, आणि त्यांचे मायबाप न कळताच हसले, कारण पोरं हसली.

रीता माझ्यासमोरून गेली, पोह्यांच्या चिवड्याच्या प्लेटा उचलल्या, आणि आत गेली. तिच्या तोंडावर रागही नव्हता. वॉर्डात औषध देऊन पुढच्या खाटेकडे जावं, तशी गेली.

२० जानेवारी

पोट्ट्यांनी आज स्टँडवर मला बघितलं. "द" कोणी म्हटलं नाही. अंकुश म्हणाला, "सर, बरे हाये का आता?"

दुपारभर ती वाक्यं पुन्हा पुन्हा तपासली. एखादं तरी चुकलं असेल म्हणून. 'द डे ऑफ द इंटरव्ह्यू' बरोबर. 'बिहाइंड द डोअर' बरोबर. 'अ पेशंट' पहिल्यांदा, 'द पेशंट' नंतर. सगळं मी शिकवल्याप्रमाणे. एक जरी सुटलं असतं तरी मी काल उठून उभा राहिलो असतो.

रीता आत बॅग भरते आहे. संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "भोज्या, काल सुनबाई एवढी काय बोलली रे इंग्रजीत?"

मी म्हटलं, माझे आभार मानले.

आईने बरणी उचलून रीतासमोर ठेवली, रीताने मागितलंही नव्हतं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग पोट्टे तुह्यावर काहून हासून राहिले होते?"